ललिताजी आठवते, पावडर मात्र निरमाची : जाहिरातींचा इतिहास अभ्यासताना



पेट झाली, नेट-सेट झाली, गाईडही मिळाले. आता विषय काय घ्यायचा, या टप्प्यावर तुमच्यापैकी बरेच जण असतील. आज एक साधा दिसणारा प्रश्न घेऊन बोलू या : टीव्हीवरची एखादी जाहिरात अर्थपूर्ण कशामुळे होते, आणि ती वर्षानुवर्षं लक्षात का राहते?

हा प्रश्न मी मुद्दाम निवडला, कारण याच प्रश्नावर माझा पहिला सिनॉप्सिस परत आला होता. मी मूळची केमिस्ट्रीची. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट डिटर्जंटवर होता. तिथून डिटर्जंटच्या जाहिरातींकडे वळले आणि पीएच.डी. जाहिरातींच्या इतिहासावर करायची ठरवली. दूरदर्शनच्या काळातल्या पंचवीस गाजलेल्या जाहिराती निवडल्या आणि त्यांच्यात सारखं काय आहे ते शोधून काढलं : गाणं, एखादं लक्षात राहणारं पात्र, थोडा विनोद, घरगुती वातावरण. लिहून टाकलं की जाहिरात संस्मरणीय होते ती या चार गुणांमुळे. मला वाटलं, झालं काम.

समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला. "या पंचवीस जाहिराती लोकांना आठवतात म्हणून तुम्ही घेतल्यात. ज्या आज कुणालाच आठवत नाहीत, त्यांच्यात गाणं, पात्र आणि विनोद नव्हता कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या एका प्रश्नाने माझे सात महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हा लेख.

आधी चूक नीट समजून घेऊ

प्रयोगशाळेत आपण कंट्रोल ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढत नाही. खत घातलेलं रोप वाढलं एवढं पुरत नाही, खत न घातलेलंही शेजारी असावं लागतं. मी मात्र फक्त वाढलेली रोपं मोजत बसले होते. विसरलेल्या जाहिरातींमध्येही गाणी होती. किंबहुना त्या काळात जाहिरात म्हटलं की गाणं यायचंच. मग गाणं हे कारण कसं?

दुसरी चूक याहून बारीक होती. 'लक्षात राहणं' आणि 'अर्थपूर्ण वाटणं' या दोन गोष्टी मी एकच धरल्या होत्या. शिवाय लक्षात राहिली म्हणजे माल खपला, असंही न बोलता गृहीत धरलं होतं. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हे मला पटवलं ते दोन पावडरींनी, एक निरमा आणि दुसरी सर्फ.

तेव्हाचा टीव्ही कसा होता?

इतिहासाचा प्रश्न असेल तर आधी काळ नीट मांडावा लागतो. भारतात टीव्हीचं प्रायोगिक प्रक्षेपण दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावं लागलं. जाहिराती आल्या त्याच्याही नंतर, १ जानेवारी १९७६ पासून. १९८२ हे वळणाचं वर्ष : राष्ट्रीय कार्यक्रम, रंगीत प्रक्षेपण आणि दिल्लीतल्या आशियाई स्पर्धा. ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' सुरू झाली आणि प्रायोजित मालिकांचं युग आलं. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं तेव्हा रस्ते ओस पडायचे, हे तुम्ही घरच्यांकडून ऐकलं असेलच.

आता प्रेक्षकाच्या जागी बसून पाहा. महानगरं सोडली तर वाहिनी एकच. बहुतेक सेटना रिमोट नाही. चाळीत किंवा वाड्यात एकाच्या घरी टीव्ही, समोर सतरंजीवर शेजारपाजार. जाहिरात लागली तरी कुणी उठत नाही, कारण उठलं तर जागा जाते! म्हणजे तीच जाहिरात तेच लोक, एकत्र बसून, आठवड्यामागून आठवडे पाहत होते.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्यावर हे चित्र बदलायला लागलं. त्यामुळे 'तेव्हाच्या जाहिराती काय भारी होत्या, आता तसं काही राहिलं नाही' असं कुणी म्हणालं, तर संशोधक म्हणून लगेच मान डोलावू नका. जाहिराती भारी होत्या, की पाहण्याची परिस्थितीच अशी होती की विसरणं अवघड होतं? हे दोन्ही वेगळे करता आले पाहिजेत.

निरमा : पाठ कसं झालं?

करसनभाई पटेल हे आपल्यासारखेच सायन्सवाले. अहमदाबादेत गुजरात सरकारच्या भूविज्ञान आणि खाणकाम खात्यात नोकरी, आणि १९६९ पासून घरामागे पावडर तयार करून सायकलवरून दारोदार विक्री. पावडरीचं नाव मुलीच्या नावावरून, निरुपमावरून. सुरुवातीच्या काळात सर्फ किलोला साधारण १३ रुपये असताना निरमा साधारण ३ रुपयांना मिळायची, असा आकडा नेहमी दिला जातो.

एवढा फरक कसा? इथे केमिस्ट्री उपयोगी पडते. सर्फसारखी पावडर करताना घट्टसर मिश्रण उंच मनोऱ्यात गरम हवेत फवारून वाळवतात. त्यामुळे हलके, पोकळ, पटकन विरघळणारे दाणे मिळतात, पण यंत्रसामग्री अवाढव्य लागते. निरमाने तो मनोराच टाळला. सोडा अॅश आणि डिटर्जंटचं आम्ल साध्या पद्धतीने मिसळायचं, फॉस्फेटसारखे महाग घटक घालायचे नाहीत. दाणा जड, हाताला थोडी चरचर, पण कपडे निघायचे आणि खिशाला परवडायचं.

निरमाचं गाणं आधी रेडिओवर वाजत होतं, १९८२ पासून ते दूरदर्शनवर आलं. पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी, बायकांची साधी घरगुती नावं, ब्रँडचं नाव पुन्हा पुन्हा, आणि पुढे कितीतरी वर्षं तीच चाल. आता हे पाठ का झालं, यावर प्रयोग काय सांगतात ते पाहू.

हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरजोड्या पाठ करायच्या आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. निष्कर्ष असा : विसरणं सुरुवातीला भराभर होतं, मग मंदावतं, आणि मधे वेळ सोडून केलेली उजळणी एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. ह्युबर्ट झील्स्की यांनी १९५९ मध्ये हेच जाहिरातींवर तपासलं. त्यांनी दोन गटांतल्या महिलांना छापील जाहिराती टपालाने पाठवल्या, एका गटाला आठवड्याला एक अशा १३, दुसऱ्याला दर चार आठवड्यांनी एक अशा १३. तेराव्या जाहिरातीनंतर पहिल्या गटात ६३ टक्के जणींना आठवत होतं, दुसऱ्यात ४८ टक्के. पण जाहिराती थांबताच पहिल्या गटाची आठवण काही आठवड्यांतच निम्म्यावर आली. म्हणजे पटकन उंची गाठायची असेल तर मारा करा. टिकवायचं असेल तर थोडं थोडं, पण दीर्घकाळ करत राहा.

चालीबद्दल वांडा वॉलेस यांचा १९९४ चा अभ्यास वाचा. चालीत बांधलेले शब्द जास्त आठवतात, पण कधी? तीच चाल पुन्हा पुन्हा कानावर पडून ओळखीची झाल्यावर. एकदाच ऐकलेल्या चालीचा तसा फायदा दिसत नाही. म्हणजे गाण्यात जादू नाही, गाणं अधिक पुनरावृत्ती यात आहे. निरमाने नेमकं हेच केलं, चाल बदलली नाही. माझ्या विसरलेल्या जाहिरातींच्या यादीत गाणी भरपूर सापडली, पण इतकी वर्षं धरून ठेवलेली चाल क्वचितच.

थोडक्यात, निरमाची जाहिरात लक्षात राहिली ती सातत्याने. त्यासाठी प्रेक्षकाला काही पटवून द्यावं लागलं नाही. हर्बर्ट क्रुगमन यांनी १९६५ मध्ये टीव्ही जाहिरातींबद्दल हेच म्हटलं होतं : प्रेक्षक गुंतलेला नसतानाही, नुसतं पाहता पाहता शिकत असतो.

ललिताजी : पटलं कसं?

सर्फ ही तेव्हाच्या हिंदुस्थान लिव्हरची पावडर, भारतात १९५९ पासून. निरमा स्वस्तात घराघरात शिरत होती, तेव्हा लिव्हरपुढे मोठी अडचण होती. तीच पावडर इतक्या खाली आणणं परवडणारं नव्हतं. मग महाग वस्तूचं समर्थन कसं करायचं?

लिंटास या जाहिरात संस्थेचे प्रमुख अॅलेक पदमसी यांनी १९८४ च्या आसपास उत्तर आणलं, ललिताजी. भूमिका कविता चौधरी यांची. पुढे 'उडान' मालिकेतून त्या घराघरात पोचल्या. ललिताजी कशी? नेटकी साडी, ठाम आवाज, बाजारात भाव केल्याशिवाय काही न घेणारी. अशी पै-पैचा हिशोब ठेवणारी बाई महागाची पावडर का घेते? ती कॅमेऱ्याकडे पाहून हिशोबच मांडते : अर्धा किलो सर्फ एक किलो साध्या पावडरीइतकं काम करतं, म्हणून स्वस्त आणि चांगलं यांत फरक आहे. या पात्रात आपल्या आईची छाया आहे, असं पदमसी यांनी पुढे सांगितलं. घासाघीस करणारी, पण चांगल्या वस्तूला पैसे मोजणारी.

इथे लक्ष द्या. यात पाठ करण्यासारखी चाल नाही. आहे तो वाद. आणि हा वाद लिंटासने तयार केलेला नाही. तो आधीपासून प्रत्येक मध्यमवर्गीय घरात रोज चालूच होता. स्वस्त घेऊन दोनदा घ्यायचं, की एकदाच बरं घ्यायचं? चप्पल असो, पातेलं असो, छत्री असो. शिवाय यात एक दुखरी बाजू होती. घरखर्चाचे पैसे मोजून मिळणाऱ्या बाईला, महाग वस्तू घेतली की घरात जाब द्यावा लागायचा. ललिताजीने त्या बाईला उत्तर दिलं, तेही उधळपट्टीच्या नाही तर शहाणपणाच्या भाषेत.

माझ्या मते 'अर्थपूर्ण' या शब्दाचा अर्थ हा आहे. जाहिरात अर्थपूर्ण होते ती प्रेक्षकाच्या मनात आधीच चाललेल्या, न सुटलेल्या भांडणात ती एक बाजू घेते तेव्हा. अर्थ जाहिरातीतून घरात येत नाही. तो घरात आधीच असतो, जाहिरात त्याला शब्द देते.

मग मावशीने काय आणलं?

सिद्धांत झाला. आता पुरावा. मी इचलकरंजीला मावशीची मुलाखत घेतली. काका सायझिंगमध्ये कामाला होते, घरात सहा माणसं.

"मावशी, ललिताजी आठवते का गं?"

"न आठवायला काय झालं? कशी टेचात बोलायची! सगळं पटायचं तिचं."

"मग तू सर्फ आणायचीस?"

"छे गं! पटणं वेगळं, परवडणं वेगळं. रोजच्याला निरमाच. लग्नाकार्याच्या साड्यांना तेवढा सर्फचा लहान पुडा."

मी वहीत लिहिता लिहिता थांबले. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये या उत्तराला जागाच नव्हती! जाहिरात आठवते, पटलेलीही आहे, आणि तरीही माल दुसऱ्याचाच घेतला. इतकंच काय, तिने स्वतःची तडजोडही काढली होती, रोजच्या कपड्यांना एक, ठेवणीतल्या कपड्यांना दुसरी.

एका मावशीवरून निष्कर्ष निघत नाही, हे तुम्ही म्हणालच, बरोबर आहे. पण बाजाराचा इतिहास याच दिशेने बोट दाखवतो. ललिताजी गाजत असतानाच, १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत निरमाने खपात सर्फला मागे टाकलेलं होतं. शेवटी लिव्हरला त्याच दशकाच्या उत्तरार्धात 'व्हील' ही स्वस्त पावडर आणावी लागली. ललिताजीने सर्फचा मान राखला, पण निरमाला थांबवायला निरमाच्या भावाचीच वस्तू लागली. म्हणून स्मरण, पटणं आणि खरेदी या तीन खिडक्या आहेत. एकीतून पाहून दुसरीतलं सांगू नका.

मुलाखतीत आणखी एक गंमत झाली. मावशी ललिताजीच्या साडीच्या निळ्या रंगाचं वर्णन करू लागली. मी सहज विचारलं, तुमच्याकडे रंगीत टीव्ही कधी आला? "ताईच्या बारशानंतर... नव्वद साली," म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली. त्याआधी घरात ब्लॅक अँड व्हाइट सेट होता. रंग तिने नंतर कधीतरी भरला, कदाचित अलीकडे मोबाईलवर जाहिरात पाहून. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं होतं : आठवण म्हणजे कपाटातून काढलेला फोटो नव्हे, आठवताना आपण ती दरवेळी नव्याने जुळवतो. म्हणून मौखिक मुलाखत हे साधन म्हणून फार मोलाचं, पण ती तारीख-रंगाचा पुरावा म्हणून वापरू नका. मावशी तेव्हा काय पाहत होती यापेक्षा, आज तिला त्याचं काय वाटतं, हे ती जास्त खात्रीने सांगू शकते.

आपलं उत्तर आपणच तपासायचं

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं एकच वाहिनी होती म्हणून. अनेक वाहिन्या आल्यावर काय? हा आक्षेप मी स्वतःवरच घेतला आणि १९९४ ची कॅडबरीची क्रिकेटवाली जाहिरात तपासली. ओगिल्व्हीच्या पीयूष पांडे यांची ही जाहिरात, गाणं शंकर महादेवन यांच्या आवाजात. फलंदाजाने षटकार मारताच प्रेक्षकांतली एक तरुणी सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात धावते आणि मनसोक्त नाचते.

तोवर उपग्रह वाहिन्या घराघरात येऊ लागल्या होत्या, म्हणजे एकाच वाहिनीचं कारण इथे पुरत नाही. भांडणाचा सिद्धांत मात्र लागू पडतो. चॉकलेट ही लहान मुलांची गोष्ट, मोठ्यांनी सगळ्यांसमोर खायचं म्हणजे कसंसंच, असा तेव्हाचा समज. आणि मोठ्या मुलीने चारचौघांत असं नाचायचं? ते तर त्याहून अवघड. जाहिरातीने दोन्ही प्रश्नांत 'हो, खुशाल' अशी बाजू घेतली. खरी परीक्षा २०२१ मध्ये झाली. तेव्हा कंपनीने तीच जाहिरात उलटवून पुन्हा आणली : मैदानात महिला क्रिकेटपटू आणि नाचत धावणारा तरुण. जुनी आठवत नसती तर नवीतली गंमत कळलीच नसती. आणि अर्थही नवा झाला, कारण आता भांडण महिला क्रिकेटला मिळणाऱ्या मानाचं होतं. स्मरण जुनं, अर्थ ताजा. दोन्ही वेगळे असतात, याचा इतका स्वच्छ दाखला मला दुसरा मिळालेला नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

१. यशस्वी उदाहरणांसोबत त्याच काळातली, त्याच मालाची विस्मरणात गेलेली उदाहरणंही घ्या. जुन्या वर्तमानपत्रांच्या आणि मासिकांच्या फाईली चाळा; टीव्हीवर जाहिरात करणारे ब्रँड बहुधा छापील जाहिरातही करायचे. तुमचा कंट्रोल तिथे सापडेल.

२. प्रश्नातलं विशेषण फोडा. 'संस्मरणीय' म्हणजे आपणहून आठवते, की दाखवल्यावर ओळखू येते? 'प्रभावी' म्हणजे आवडली, पटली, की वस्तू विकत घेतली?

३. अनपेक्षित ठिकाणची साधनं शोधा. परळच्या पेंढारकर कुटुंबाच्या 'विको'चंच पाहा. त्यांची उत्पादनं सौंदर्यप्रसाधनं की आयुर्वेदिक औषधं, यावर उत्पादन शुल्क खात्याशी झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. त्यांच्या जाहिरातींतही आयुर्वेदिक असण्यावर तितकाच भर होता. खटल्यामुळे जाहिरात तशी झाली, असं मी म्हणत नाही. ते सिद्ध करायला वेगळा पुरावा लागेल. पण न्यायालयाचे निकाल हेसुद्धा जाहिरातीच्या इतिहासाचं साधन आहे, हे मला वाचनालयात बसून कधीच सुचलं नसतं.

४. तुमचं उत्तर खोटं ठरू शकेल असं एक उदाहरण स्वतःच शोधा. समितीने शोधण्यापेक्षा ते बरं!

माझा दुसरा सिनॉप्सिस मंजूर झाला. त्यात पंचवीसऐवजी फक्त दोन पावडरी आहेत, चाळीस मुलाखती घ्यायच्या आहेत, आणि 'संस्मरणीय' हा शब्द शीर्षकात नाही. ज्या सरांनी तो प्रश्न विचारला होता, त्यांनी बाहेर पडताना एवढंच विचारलं, "तुमच्या घरी कुठली पावडर होती?" मी घरी जाऊन आईला विचारलं. तिने दोन्ही नावं सांगितली, आणि कुठली कशासाठी तेही. पहिली मुलाखत तिथेच सुरू झाली. तुमचीही कदाचित घरातूनच सुरू होईल. वही जवळ ठेवा.